एकच रायफल घ्यायची तर थर्टी-ऑट-सिक्स, पण दुकानात जाकीट घेऊन जा

"ताई, एकच घ्यायची तर कुठली?" गणपती जवळ आले की डेन्व्हर-बोल्डरकडच्या आपल्या मुलांचे फोन सुरू होतात. ऑक्टोबरात शिकारीचा हंगाम उघडणार असतो आणि ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना एल्कचं, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचं, मटण खाऊ घातलेलं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. बोल्ट-ॲक्शन रायफल (प्रत्येक बारानंतर बोल्ट नावाचा दांडा हाताने मागे-पुढे ओढायची), काडतूस .३०-०६ स्प्रिंगफील्ड, म्हणजेच थर्टी-ऑट-सिक्स, नळी बावीस इंची, दुर्बीण आणि पट्टा धरून वजन आठ पौंडांच्या आसपास, वर साधी ३-९ x ४० ची दुर्बीण (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४० मिलिमीटरची). घाई असेल तर एवढ्यावर थांबलात तरी चालेल. पण काउंटरपलीकडचा माणूस दहा गोष्टी दाखवणार आणि यूट्यूब आणखी पन्नास, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मूळची सावंतवाडीकडची, राहते फोर्ट कॉलिन्सला, प्राण्यांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत नोकरी करते. उंची पाच फूट दोन इंच. उंची मुद्दाम सांगितली, पुढे तिचं काम आहे. आणि हे सगळं अमेरिकेपुरतं, त्यातही कोलोराडोपुरतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपवली. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, तिचा बार रानडुकरं पिटाळण्यापुरता निघायचा. तिच्या आठवणींचा इथे काडीचा उपयोग नाही.

आधी कागद. केंद्राच्या कायद्याप्रमाणे एच-वन-बी, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक विकत घेणंच काय, जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे इथल्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. म्हणजे आधी परवाना, मग दुकान. आणि परवान्याची मुदत संपली की रायफल कपाटात पडून असली तरी तुम्ही अडचणीत. मित्राची रायफल सहज हातात घेऊन रेंजवर फोटो काढणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. व्हिसाबद्दल तिळभर शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, शिकार एक वर्ष थांबते.

परवान्यासाठी शिकारी-शिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. कोलोराडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला, म्हणजे हे वाचणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासली जाते, आणि ऑक्टोबर २०२३ पासून कोलोराडोत पैसे भरल्यावरही तीन दिवस थांबावं लागतं. ओळखीच्याकडून जुनी रायफल घेतलीत तरी व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फतच करायचा, तिथेही तपासणी होतेच.

आता काडतूस. इथे लोक काडतुसांवरून असे भांडतात की आपल्याकडचे पुणेरी-नागपुरी वाद फिके पडावेत. माझं मत सरळ आहे. .२७० विंचेस्टर, .३०८ विंचेस्टर, ७ मिलिमीटर-०८, ६.५ क्रीडमूर यांतलं काहीही घेतलंत आणि गोळी योग्य जागी बसली, तर जनावराला फरक कळत नाही. तरी मी .३०-०६ सांगते, कारण इथे एकाच रायफलीकडून फार वेगवेगळी कामं करून घ्यायची असतात. पूर्वेकडच्या मोकळ्या गवताळ मैदानातला काळविटासारखा प्रॉन्गहॉर्न पन्नासेक किलोचा, तर डोंगरातला नर एल्क तीनशे किलोच्या पुढचा. मध्ये म्यूल डिअर नावाचं हरीण, काळं अस्वल, आणि नशिबाने परवान्यांच्या सोडतीत नाव निघालं तर मूस हे एल्कहून मोठं हरीणसुद्धा.

अमेरिकी सैन्याने हे काडतूस १९०६ साली स्वीकारलं आणि दोन्ही महायुद्धं त्यावर लढली. त्यामुळे त्याची माहिती, दारूची मापं, गोळ्यांचे प्रकार, सगळं शंभर वर्षं घासूनपुसून तयार आहे. दुकानात १५० ग्रेनपासून (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) १८० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या सहज मिळतात, हौशी लोक १२५ ते २२० पर्यंत जातात. १५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २९०० फूट वेगाने निघते, १६५ ची २८०० आणि १८० ची २७०० फुटांनी. (जुना ब्रिटिश तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. म्हणजे जाडी गोळी हवी असेल तर सोनाराकडच्या जुन्या मापाने अख्खा एक तोळा धातू जातो.) कोलोराडोचा नियम सांगतो की मोठ्या जनावरांसाठी गोळीचा व्यास किमान .२४ इंच हवा, गोळी आदळल्यावर फुलणारी हवी, एल्क आणि मूससाठी ती किमान ८५ ग्रेनची हवी, आणि शंभर यार्डांवर तिच्यात १००० फूट-पाउंड ऊर्जा उरली पाहिजे. .३०-०६ तिथे दुपटीहून जास्त घेऊन पोचतं.

आणखी एक कारण आहे, फार गद्य. मीकर किंवा क्रेगसारख्या गावात पोचल्यावर काडतुसांची पेटी घरीच राहिल्याचं लक्षात आलं, तर तिथल्या छोट्या दुकानात जी दोन-तीन प्रकारची काडतुसं हमखास असतील त्यात हे असतं. गेल्या वर्षी बाजारात आलेलं झगमगीत मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं जोरकस काडतूस, तिथे मिळेलच असं नाही.

.२७० हे १९२५ सालचं, .३०-०६ च्याच कवचाचं तोंड अरुंद करून केलेलं. त्याच्या गोळीचा मार्ग थोडा सपाट. मोकळ्या मैदानातच जास्त फिरणार असाल तर जरूर घ्या. .३०८ हे १९५२ चं, कवच १२ मिलिमीटरने आखूड, म्हणून रायफलीची यंत्रणाही (बोल्ट सरकतो तो भाग) आखूड आणि किंचित हलकी होते. सौम्य आणि जुनं काही हवं असेल तर ७ x ५७ माउझर आहे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यावर जिम कॉर्बेटला भेट मिळालेली .२७५ रिग्बी म्हणजे हेच काडतूस, ब्रिटिश नावाचं. काडतूस गोड आहे, पण कारखान्याची काडतुसं शोधत फिरावं लागतं. पहिल्या रायफलीला हा छंद परवडत नाही.

.३०-०६ ची खरी अडचण एकच, धक्का. आठ पौंडांच्या रायफलीतून १८० ग्रेनची गोळी मारली की खांद्याला साधारण २० फूट-पाउंडांचा धक्का बसतो. ७ मिलिमीटर-०८ मध्ये १४० ग्रेनने तो १२-१३ असतो. फरक आकड्यात लहान वाटतो, पण दहाव्या बारानंतर खांद्याला विचारा. धक्क्याच्या भीतीने माणूस चाप दाबण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आक्रसतो आणि नेम खाली-उजवीकडे जातो. म्हणून सहा पौंडांच्या "माउंटन" रायफली या काडतुसात घेऊ नका. दुकानात उचलताना त्या पिसासारख्या वाटतात, विकल्याही त्याच भरवशावर जातात. नळीच्या तोंडाला लावायचा ब्रेक धक्का कमी करतो खरा, पण आवाज इतका वाढवतो की शेजारी उभ्या माणसाच्या कानांचं वाटोळं होतं. मला तो नको. वजन थोडं जास्त, मागे जाड मऊ रबरी पॅड, आणि १५० किंवा १६५ ग्रेनची गोळी, एवढ्याने काम भागतं. एवढं करूनही दचकायला होत असेल तर बिनदिक्कत .३०८ किंवा ७ मिलिमीटर-०८ घ्या. त्यात कमीपणा कसलाही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि दुकानात सगळ्यात कमी लोक करतात ते. रायफल अंगाला बसते का ते बघणं.

ऑगस्टच्या उकाड्यात टी-शर्ट घालून रायफल खांद्याला लावायची आणि नोव्हेंबरात जाड जाकीट, त्यावर शिकाऱ्यांची नारिंगी बंडी घालून तीच वापरायची, हे जमत नाही. जाकीट पिशवीत घालून न्या. लोक बघतील, बघू देत. विक्रेत्याला विचारून रायफल हातात घ्या. घेताना त्याने बोल्ट उघडून नळीचा कक्ष रिकामा दाखवलाच पाहिजे, आणि तरीही तुम्ही स्वतः बघा, बोट घालून चाचपा. नळीचं तोंड कुणाकडे वळता कामा नये, कुठे धरू ते त्यालाच विचारा. मग जाकीट चढवा, डोळे मिटा, रायफल नेहमीसारखी खांद्याला आणा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. दुर्बिणीतून पूर्ण गोल चित्र लगेच दिसलं पाहिजे. कडेला काळी कोर दिसली, मान पुढे ताणावी लागली किंवा गाल हवेत राहिला, तर ती रायफल तुमची नाही. निदान आहे तशी तरी नाही.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी कारखान्यातून साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच येते, म्हणजे सहा फुटी अमेरिकन पुरुषाच्या मापाची. माझ्या उंचीला जाकिटासकट पावणेतेरा इंच पुरतात. मोठा दस्ता लावून नेम धरला की काय होतं पाहा. डावा हात पूर्ण ताठ होतो, रायफलीचं वजन पुढे जातं, कंबर मागे झुकते, आणि दुर्बिणीतलं चित्र पाळण्यासारखं हलायला लागतं. माणूस म्हणतो, माझा हात थरथरतो. हात ठीकच असतो, दस्ता लांब असतो. आपल्यातल्या पुष्कळ पुरुषांनाही तेरा-सव्वातेरा इंच बरे पडतात, पण दुकानात ते कबूल करायला जड जातं. काही रायफलींना मागे पट्ट्या काढून-घालून लांबी बदलता येते, काहींची "कॉम्पॅक्ट" आवृत्ती मिळते, आणि लाकडी दस्ता तर कुठलाही चांगला कारागीर कापून पॅड बसवून देतो.

तसंच बोटाचं. मनगट न वळवता तर्जनीचं पहिलं पेर चापावर यायला हवं. बोल्ट हातमोजा घालून उघडून बघा. .३०-०६ ला बोल्ट .३०८ पेक्षा थोडा जास्त मागे ओढावा लागतो. घाईत अर्धाच ओढला तर रिकामं कवच बाहेर पडतं पण पुढचं काडतूस उचललं जात नाही, आणि कक्ष रिकामाच बंद होतो. रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट पूर्ण मागे जातो का, ते दुकानातच बघून घ्या. डावखुऱ्यांनी डावखुरी रायफलच मागावी. सॅव्हेज, टिका यांच्याकडे ती मिळते.

बोल्ट-ॲक्शनच का? साधी, भरवशाची, आणि उघडून कक्ष रिकामा असल्याचं दाखवायला सोपी. लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाजवळचा दांडा खाली-वर करून भरायची, दिसायला छान, पण हे काडतूस चालवणाऱ्या त्यातल्या मोजक्याच. अर्धस्वयंचलित रायफलींच्या वाटेला पहिल्या खेपेला जाऊच नये. सुरक्षा खटका तीन जागांचा मिळाला तर उत्तम. विंचेस्टर मॉडेल ७० ला असतो तसा. मधल्या जागेवर चाप बंद राहतो पण बोल्ट उघडता येतो, म्हणजे खटका न काढता रायफल रिकामी करता येते. काढता येणारं मॅगझिन सोयीचं असतं खरं, पण बर्फात पडलं की रायफल एकबारी होते. मला खाली झाकण उघडणारी जुनी पद्धत आवडते. टिका टी-थ्री-एक्सची सगळी काडतुसं एकाच लांबीच्या यंत्रणेत बसवलेली असतात, म्हणून तिच्यात .३०८ घेऊन फारशी बचत होत नाही, हे विक्रेता सांगत नाही. रुगर अमेरिकन आणि सॅव्हेज ११० स्वस्तातल्या, पण नेमाला पक्क्या. वेदरबी व्हॅनगार्डची यंत्रणा जपानच्या होवाची, जड आणि मजबूत, म्हणून .३०-०६ ला शोभणारी. मॉडेल ७० १९३६ पासून चालत आलेली, देखणी आणि महाग. मला विचाराल तर स्वस्त रायफल आणि चांगली दुर्बीण ही जोडी उलट्या जोडीपेक्षा कधीही बरी.

लाकूड की प्लॅस्टिक? लाकूड सुंदर दिसतं, पण बर्फ वितळून आत ओल गेली की फुगतं आणि नळीला टेकलं तर नेम सरकतो. पहिली रायफल सिंथेटिक दस्त्याची, जमल्यास स्टेनलेस नळीची घ्या. देखणेपणा दुसऱ्या रायफलीसाठी ठेवा.

जुनी रायफल घेत असाल तर बोल्ट काढून मागून उजेड घेऊन नळीतून बघा. आतल्या चऱ्या धारदार आणि चकचकीत हव्यात, खड्डे नकोत. नळीच्या तोंडाच्या कडेला टवका नको, तिथली बारीक इजाही गोळी भरकटवते. यंत्रणेच्या शेपटीमागे, जिथे दस्ता बारीक होतो, तिथे लाकडात केसाएवढी भेग शोधा. धक्का तिथेच बसतो. स्क्रूंच्या खाचा खाल्लेल्या दिसल्या तर समजा की कुणीतरी घरी उद्योग केलेत. चाप तीन पौंडांच्या आसपास स्वच्छ तुटावा, रखडत नको.

दुर्बिणीत लोक विनाकारण मोठे आकडे घेतात. ३-९ x ४० पुरते. झाडीत तीनवर ठेवायची, मैदानात सहावर, नऊ रेंजवर भोकं बघायला. डोळा आणि काच यांत साडेतीन इंच तरी अंतर मिळालं पाहिजे, नाहीतर धक्क्याने भुवईवर चंद्रकोर उमटते. इथल्या रेंजवर अशा कोरी मिरवणारे बरेच भेटतात. बैठक आणि कड्यांचे स्क्रू टॉर्क-पान्याने, कंपनीने दिलेल्या मापानेच आवळा. "रायफल नेम धरत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा सैल स्क्रू निघतो. आणि जनावर शोधायला हातात धरायची दुर्बीण वेगळी ठेवा. रायफलीच्या दुर्बिणीतून दूरचं नारिंगी काय आहे ते बघणं म्हणजे एका माणसावर भरली बंदूक रोखणं.

नेम बसवायला आधी २५ यार्डांवर कागदावर या, मग शंभरावर. १६५ ग्रेनला शंभर यार्डांवर गोळी नेमाच्या दोन इंच वर लागेल असं लावा. मग दोनशेवर ती बरोबर मध्ये येते आणि तीनशेवर साडेआठ इंचांच्या आसपास खाली पडते. सर्वसाधारण दुर्बिणीत एक क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. नवशिक्याने अडीचशे यार्डांपुढे चाप ओढू नये, हे माझं मत. फुशारक्या ऐकायला मिळतीलच.

गोळीबद्दल प्रयोगशाळेतली बाजू सांगते. गोळी जायची असते फुप्फुसं आणि हृदयाच्या पेटीत, पुढच्या खांद्याच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या थोडं वर. साध्या शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत पण एक्स-रेत दिसतात. घरी लहान मुलं हे मटण खाणार असतील तर पूर्ण तांब्याची गोळी घ्या. ती कमी तुटते, म्हणून १५० ग्रेनचीही एल्कला पुरते. शिसंच वापरायचं तर गाभा आवरणाला जोडलेली, १६५ किंवा १८० ग्रेनची. प्रत्येक रायफलीला एखादी गोळी मानवते, म्हणून दोन-तीन प्रकारच्या पेट्या आणून बघा आणि जी जमली तिच्या त्याच लॉटच्या तीन-चार पेट्या घेऊन ठेवा.

सरावाला पॉनी नॅशनल ग्रासलँडवर सार्वजनिक रेंज आहे. कानांना दुहेरी संरक्षण घाला, आत बोंडं आणि वर मफ. टेबलावर टेकून फक्त नेम बसवायचा, बाकी सराव बसून, गुडघ्यावर आणि काठीच्या आधाराने करा. डोंगरात टेबल मिळत नाही. .३०-०६ चे बार एका दिवसात वीसच्या आत ठेवा. बाकीचा सराव .२२ च्या स्वस्त रायफलीवर होतो, आणि बोट तिथेच शिकतं.

खरेदी वसंतात करा, ऑक्टोबरात नको. ऑक्टोबरात दुकानातल्या आखूड दस्त्याच्या रायफली संपलेल्या असतात आणि रेंजवर रांगा. शिवाय कोलोराडोच्या मोठ्या जनावरांच्या परवान्यांच्या सोडतीची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते, आणि तिच्यात अर्ज करायला आधी एखादा पात्र परवाना विकत घ्यावा लागतो. लहान शिकारीचा वार्षिक परवाना त्यासाठी चालतो. राज्यात सलग सहा महिने राहून झाले असतील तर दर रहिवाशाचा लागतो, बाहेरच्यांच्या मानाने फारच कमी. एप्रिल हुकला तर उरलेले परवाने ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी सकाळी विक्रीला येतात. यादी काही दिवस आधी लागते, त्यातले शिकारीच्या विभागांचे क्रमांक नकाशावर बघून, कुठे सरकारी जमीन आहे आणि कुठे सगळी खाजगी कुंपणं, ते आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.